जमा आणि नावे

लोकल फंड ऑडिटमध्ये, म्हणजे सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात, तेहतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कुठल्याही इमारतीत शिरलं की नजर आधी देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर जाते आणि तिथून कपाटं शोधायला लागते. पाटीवर आकडा आहे म्हणजे कुठेतरी पावती असणार, पावती आहे म्हणजे कीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही, असणार. देवळात गेले तरी हे सुटत नाही. माझी भाची म्हणते, मावशी देवाच्या पाया पडताना दानपेटीचं सील बघते. खोटं नाही ते.

तिच्याच पदवीदानासाठी मे महिन्याच्या अखेरीस मी प्रॉव्हिडन्सला गेले होते. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात लहान राज्य. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही लहान. त्याच्या राजधानीत एका टेकडीवर ब्राउन विद्यापीठ आहे. तिथलं मोठं लोखंडी फाटक वर्षातून दोनदाच पूर्ण उघडतं, नवी मुलं आत येताना आणि पदवी घेऊन बाहेर पडताना. मिरवणुकीला वेळ होता, म्हणून भाचीने मला आतल्या हिरवळीवर फिरवून आणलं. तिथे एका झाडाच्या जवळ मला लांबून चक्क शिवपिंडी दिसली. गुळगुळीत, काळसर, अर्धी जमिनीत. हात जोडायचेच बाकी होते.

जवळ गेल्यावर कळलं की तो लोखंडाचा गोळा आहे. कैद्याच्या पायाला बांधतात तसला, पण प्रचंड आणि अर्धा गाडलेला. त्यातून जाडजूड साखळीच्या कड्या सरळ वर येतात आणि मध्येच तुटतात. तुटलेल्या टोकाला आरशासारखी चकाकी दिलेली, त्यात वरचं आभाळ दिसतं. मार्टिन पर्यिअर या शिल्पकाराचं हे काम २०१४ मध्ये इथे बसवलं. विद्यापीठाच्या उभारणीत गुलामांच्या व्यापाराचा पैसा आणि गुलामांचे हात होते, याची ही खूण.

"आणि ही माहिती त्यांना मिळाली कुठून?" मी विचारलं. खोड.

"वहीतून," भाची हसली. "तुझ्याच कामाची गोष्ट आहे मावशी. घरी गेल्यावर दाखवते."

त्या रात्री तिच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी ती वही पाहिली. मूळ वही विद्यापीठाच्याच आवारातल्या जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे, पण तिचं पान न् पान कुणालाही घरबसल्या बघता येतं. 'सॅली' नावाच्या जहाजाचा हिशेब. साल १७६४-६५. जहाजाचे मालक ब्राउन कुटुंबातले चार भाऊ, निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस. विद्यापीठाला पुढे ज्यांचं नाव लागलं तेच घराणं. गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच, की ज्या १७६४ साली हे कॉलेज स्थापन झालं त्याच साली सप्टेंबरात 'सॅली' प्रॉव्हिडन्सहून आफ्रिकेला निघाली. पोटात सतरा हजार गॅलनहून जास्त रम, व्हेलच्या मेणाच्या मेणबत्त्या, कांदे, तंबाखू. आणि बेड्या.

आमच्या पिढीने हाताने लिहिलेल्या वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे वही उघडली की लिहिणाऱ्याचा स्वभाव कळतो. हा हात व्यवस्थित होता. कप्तान ईसेक हॉपकिन्सचं स्पेलिंग कच्चं, पण नोंद पक्की. अमुक इतके गॅलन रम नावे, एक मुलगा जमा. इतके गॅलन नावे, एक बाई जमा. आपल्याकडे कीर्दीत आलं ते जमा आणि दिलं ते नावे. मराठीने या दुसऱ्या बाजूला 'नावे' हा शब्द का दिला, याचा विचार मी नोकरीत कधी केला नव्हता. त्या रात्री आला. कारण त्या वहीत रमला प्रत आहे, पिंपांना मोजमाप आहे, आणि एकशे शहाण्णव माणसांपैकी एकालाही नाव नाही.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाज नऊ महिने रेंगाळलं. माल भरायला वेळ लागत होता. या काळातच माणसं मरायला लागली. एका बाईने जहाजाच्या पोटात गळफास लावून घेतला, तिची नोंद एका ओळीची. १७६५ च्या ऑगस्टमध्ये जहाज निघालं आणि आठवड्याभरात गुलामांनी उठाव केला. गोळ्या झाडल्या, आठ मेले, जखमींत कुणाची मांडी, कुणाच्या बरगड्या मोडल्या, तेही लिहिलंय. त्यानंतर काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी अन्न सोडलं, उरलेले आजारी पडत गेले. रोजच्या रोज मेलेल्यांचा आकडा पुढे ओढलेला. मागील पानावरून पुढे, असं आपण बेरजेला लिहितो ना, तसा. एकूण एकशे नऊ.

मी वही मिटणार होते, तेवढ्यात भाचीने एक पत्र उघडलं. दुःखद बातमी कळल्यावर भावांनी कप्तानाला लिहिलेलं. तुमची प्रकृती ठीक आहे याचंच आम्हाला इतकं समाधान आहे की झालेलं मोठं नुकसान आम्ही निमूट सोसू, असा त्याचा आशय. पत्र प्रेमळ आहे. मला त्या प्रेमळपणाचाच धक्का बसला. राक्षसांनी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. हे तर आपल्या ओळखीतले, देवभोळे, कामगारांची विचारपूस करणारे व्यापारी वाटतात.

कप्तान पुढे अमेरिकेच्या पहिल्या नौदलाचा प्रमुख झाला. त्याचा भाऊ स्टीफन हॉपकिन्स या वसाहतीचा गव्हर्नर होता, त्याची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे, आणि कॉलेजचा पहिला कुलपतीही तोच. १७७० मध्ये कॉलेजची मुख्य इमारत उभी राहिली. बांधकामाचं काम निकोलस ब्राउन आणि कंपनीकडे. न्यूपोर्टच्या लोपेझ आणि रिव्हेरा या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी दहा हजार फूट लाकूड देणगी दिलं. मजुरांच्या हिशेबात 'मेरी यंगचा निग्रो', 'अर्लचा निग्रो' अशा नोंदी आहेत. पेरो नावाचा एक गुलाम मात्र नावाने आलेला आहे. त्याचं नाव वाचल्यावर मला एवढं बरं का वाटलं कोण जाणे.

हे सगळं अडीचशे वर्षं कपाटात होतं. कुणी लपवलं नव्हतं. कपाटाला कुलूपही नव्हतं. फक्त ते उघडून विद्यापीठाच्या वतीने वाचायला कुणी बसलं नव्हतं.

ते बसवलं रूथ सिमन्स यांनी. २००१ मध्ये त्या ब्राउनच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या आयव्ही लीग या जुन्या, मातब्बर आठ विद्यापीठांपैकी एकाचं प्रमुखपद मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. जन्म १९४५ चा, टेक्सासमधल्या ग्रेपलँड गावचा. बारा भावंडांत शेवटच्या. वडील दुसऱ्याच्या रानात बटाईने राबणारे. पणजी-पणजोबा गुलाम. म्हणजे 'सॅली'सारख्या वह्यांत ज्यांची नोंद 'एक मुलगा जमा' अशी झाली, त्यांच्या पोटची ही बाई ज्या संस्थेने ती वही जपली तिच्या सर्वोच्च खुर्चीत बसली.

ऑडिटचा पहिला नियम असा, की ज्याच्या घरची तपासणी, त्याने ती स्वतः करायची नाही. ऑडिटर बाहेरचा हवा. सिमन्स बाईंनी तो नियम मोडला असं म्हणावं, की त्याहून कडक पाळला? त्या तपासल्या जाणाऱ्या संस्थेच्या प्रमुख होत्या आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या वारसही. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर बोट रोखता येत होतं. संस्थेतल्यांनी म्हणावं, बाई घरचं धुणं चव्हाट्यावर आणतायत. बाहेरच्यांनी म्हणावं, हिला तर हेच करायचं होतं.

२००३ मध्ये त्यांनी गुलामगिरी आणि न्याय या विषयावर एक समिती नेमली. अध्यक्ष जेम्स कॅम्बेल हे इतिहासाचे प्राध्यापक, आणि सभासदांत प्राध्यापक, विद्यार्थी, प्रशासनातली माणसं. थोड्याच वर्षांपूर्वी याच आवारात विद्यार्थ्यांच्या दैनिकात गुलामांच्या वंशजांना भरपाई देण्याविरुद्ध एक जाहिरात छापून आली होती, तेव्हा चिडलेल्या मुलांनी त्या अंकाचे गठ्ठेच्या गठ्ठे पळवले होते. म्हणजे विषय ज्वालाग्राही होता हे बाईंना ठाऊक होतं. बातमी बाहेर फुटली तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की ब्राउन आता पैसे वाटणार. विखारी पत्रं आली. २००४ मध्ये त्यांना वर्तमानपत्रात लेख लिहून सांगावं लागलं की समितीला निकाल आधी लिहून दिलेला नाही, काय घडलं ते शोधायचं आणि अशा इतिहासाचं काय करायचं यावर सगळ्यांसमोर बोलायचं, एवढंच काम आहे.

मला या बाईंचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. शिल्प नंतरचं, निधी नंतरचा. निकाल आधी ठरवायचा नाही, आणि तरी वही उघडायची. तुम्ही कधी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की आपल्याकडे समिती नेमतात तीच मुळी निकाल ठरल्यावर. समितीने तीन वर्षं काम केलं. जाहीर व्याख्यानं, चर्चा, दुसऱ्या देशांनी आपल्या पापांचं काय केलं याचा अभ्यास. २००६ च्या ऑक्टोबरात अहवाल आला. विद्यापीठाच्या नियामक मंडळातले तीसेक सभासद गुलामांच्या जहाजांचे मालक किंवा कप्तान होते, हे त्यात छापलंय. संस्थेने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या चिन्हाखाली.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायची नव्हती.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझ्या माहेरच्या तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेची शताब्दी आली. नाव सांगत नाही. माझे आजोबा तिच्या पहिल्या कार्यकारिणीत होते, म्हणून स्मरणिकेच्या समितीत मला घेतलं आणि 'संस्थेची आर्थिक वाटचाल' असा लेख सांगितला. मी हौसेने जुनी दप्तरं काढली. लाल कापडात बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. बांधकामाची कीर्द सापडली. मोडी आणि बाळबोध मिसळ. गवंडी नावानिशी, सुतार नावानिशी, चुना कुणाकडून घेतला त्या व्यापाऱ्याचं नाव, बैलगाडीचं भाडं आणि गाडीवानाचं नाव. आणि पायाच्या खोदाईसमोर: महार असामी ११, दिवस २३, भाकरी व मीठ. रोख रकाना कोरा.

वेठ. वतनाच्या नावाखाली गावकामाला धरून आणायचे ती. गुलामगिरी आणि वेठ एकच, असं मी म्हणत नाही. त्या अकरा जणांना जहाजात कोंबलं नव्हतं, बाजारात विकलं नव्हतं. संध्याकाळी ते आपापल्या घरी गेले असतील. पण ज्या वर्गांचा पाया त्यांनी खणला, त्या वर्गांच्या हजेरीपटावर त्यांच्या पोरांची नावं यायला पुढे जवळजवळ वीस वर्षं गेली. हजेरीपटही मीच पाहिले.

मी ती ओळ लेखात घातली. एकच ओळ, शेरा न मारता. मसुदा समितीपुढे गेला. एकजण म्हणाले, "ताई, आनंदाच्या प्रसंगी हे कशाला उकरायचं?" दुसरे म्हणाले, "त्या काळी सगळीकडेच होतं." तिसरे सगळ्यात समजूतदार, तेच सगळ्यात पक्के. ते म्हणाले, "आता त्यांचीच नातवंडं आपल्याकडे शिकतायत. आपण छापलं तर उलट त्यांनाच वाईट वाटेल." मग चहा आला.

ऑडिटमध्ये एखादा आक्षेप आम्ही मागे घेतला की मुद्दा वगळला असं लिहितो. मी मुद्दा वगळला. माझ्याच पेन्सिलने. स्मरणिका छान निघाली, ग्लेझ कागद, तिसऱ्या पानावर आजोबांचा फेट्यातला फोटो.

'त्या काळी सगळीकडेच होतं' हे वाक्य मला तेव्हा खोडता आलं नव्हतं. प्रॉव्हिडन्सला त्या चार भावांची पुढची हकीकत वाचताना ते आपोआप खोडलं गेलं. 'सॅली'च्या फटक्यानंतर तिघे भाऊ गुलामांच्या व्यापारातून बाहेर पडले. निकोलस आणि जोसेफ यांना धंदा परवडला नाही असं म्हणू. पण धाकट्या मोझेसला तो पटेना. १७७३ मध्ये त्याने आपल्या घरचे गुलाम मुक्त केले, क्वेकर पंथ स्वीकारला आणि उरलेलं आयुष्य हा व्यापार बंद पाडण्यात घालवलं. जॉन मात्र धंद्यात राहिला. तोच कॉलेजचा कितीतरी वर्षं खजिनदार. दोघा सख्ख्या भावांनी १७८९ मध्ये गावच्या वर्तमानपत्रात एकमेकांविरुद्ध लिहिलं. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध केंद्रीय कायदा झाला आणि १७९७ मध्ये त्याखाली ज्याला पहिल्यांदा कोर्टात खेचलं तो जॉन ब्राउन. खेचण्यात मोझेसच्या गुलामगिरीविरोधी संघटनेचा हात होता. जॉनचं 'होप' नावाचं जहाज जप्त झालं. तो स्वतः सुटला.

म्हणजे एका आईच्या पोटचे, एका पेढीचे भागीदार, एकाच काळातले. एकाला कळलं आणि एकाला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मग 'तो काळ' नक्की कुणाचा मानायचा?

आमच्या शाळेचा पाया खणला त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी पदरमोड करून झीज सोसली. त्यांचं उदाहरण माझे देशबांधव घेतील, अशी आशाही तिथेच व्यक्त केली. हे पुस्तक माझ्या आजोबांच्या कपाटात नव्हतं. पण त्यांना ते ठाऊकच नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ते वाचणारे होते.

मोझेसचं कौतुक करून मी झोपायला जाणार, तर भाचीने पुढचं पान उघडलं. तिला बहुतेक माझी झोप घालवायचीच होती. याच मोझेसने १७९० च्या सुमारास शेजारच्या पॉटकेटमध्ये सॅम्युअल स्लेटरला भांडवल पुरवून सूतगिरणी उभी करून दिली. अमेरिकेतल्या यांत्रिक कापूस-उद्योगाची ती सुरुवात. आणि या उद्योगाला कापूस पुरवला तो दक्षिणेतल्या गुलामांनी. जहाजातून हात धुऊन घेतले आणि गिरणीत बुडवले. जाणूनबुजून नसेल. पण माल कुठून येतो हे न विचारता व्यापार होतो यावर ऑडिटर विश्वास ठेवत नाही.

कापूस म्हटल्यावर मला आपली मुंबई आठवली. पदवीच्या वर्षी मी फोर्टात विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसायची. वर राजाबाई टॉवर, रंगीत काचांतून वहीवर पडणारं ऊन, आणि शेजारी कुणीतरी डोकं टेकून झोपलेलं. तो मनोरा आणि ते ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झालं. दोन लाख ग्रंथालयाला, दोन लाख मनोऱ्याला, आईचं नाव द्यावं एवढी अट. देणगी १८६४ ची. आणि १८६४ मध्ये मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्याकडे एवढा पैसा का होता? कारण अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांपर्यंत पोचत नव्हता, आणि त्या भुकेल्या गिरण्यांनी आपला कापूस सोन्याच्या भावाने उचलला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, अर्धी मुंबई बुडाली. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला आणि अजून वेळ दाखवतोय.

प्रेमचंदांनी कुणाला गुलाम केलं नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणीतरी मला पत्र धाडेल. त्यांच्या देणगीवर आक्षेप घ्यायला जागा नाही. पण जे. जे. कला महाविद्यालयासमोरून जाताना सर जमशेटजी जीजीभाईंची बरीचशी दौलत चीनला अफू धाडून आली होती, हे किती मुलांना सांगितलं जातं? मला कुणी सांगितलं नव्हतं. पाटीवर आकडा असतो. तो आकडा जिथून आला ते गाव पाटीवर मावत नाही.

दुसऱ्या दिवशी पदवीदान झालं. ऊन होतं, टोप्या उडाल्या, मी रडले, ते सगळं यथासांग. संध्याकाळी जेवताना मी भाचीला विचारलं, "आणि अनुपालन?"

आमच्याकडे आक्षेप काढणं सोपं असतं. खरं काम आक्षेपाला उत्तर आलं का, वसुली झाली का, ते बघण्याचं. बहुतेक आक्षेप तिथेच दम तोडतात. तर ब्राउनचं अनुपालन असं. २००७ मध्ये विद्यापीठाने प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा कायम निधी उभारू असं ठरवलं. निधी पूर्ण व्हायला २०२० उजाडलं. तेरा वर्षं. अब्जावधी डॉलरची गंगाजळी असलेल्या संस्थेला हे शोभतं का, असा शेरा मी तरी मारला असता. २०१२ मध्ये गुलामगिरीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, आता त्याला सिमन्स बाईंचं नाव आहे. २०१४ मध्ये ती पिंडी. म्हणजे तो गोळा. आणि २०२२ च्या डिसेंबरात ब्राउनने भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द स्पष्ट घातला, आयव्ही लीगमधलं पहिलं विद्यापीठ. हे शेवटचं भाचीने सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. जॉर्जटाउन विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकली होती, त्यातून कॉलेजचं कर्ज फेडलं. तिथे यादी नावानिशी होती, म्हणून वंशज सापडले. यादीतलं पहिलं नाव आयझॅक. ज्या पाद्र्याने विक्री केली त्याचं नाव इमारतीवरून काढून २०१७ मध्ये आयझॅक हॉकिन्सचं दिलं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून स्वतःवर सत्रामागे २७ डॉलर २० सेंटची फी लावून घ्यायची ठरवली, २७२ ची आठवण म्हणून. माझ्या मते मुलं मोठ्यांपेक्षा चांगले हिशेबनीस असतात. विद्यापीठाने ती फी घेतली नाही, त्याऐवजी देणग्यांतून निधी उभारायचं ठरवलं. हार्वर्डने २०२२ मध्ये अहवाल काढला, दहा कोटी डॉलर बाजूला ठेवले, वंशज शोधायला माणसं नेमली. २०२५ च्या जानेवारीत त्या माणसांना कामावरून कमी केलं आणि शोधाचं काम बाहेरच्या संस्थेकडे दिलं. अशा बदल्या आम्ही खूप पाहिल्यात. फाइल बंद होत नाही, फक्त टेबल बदलतं.

ऱ्होड आयलंड राज्याच्या अधिकृत नावाला 'आणि प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' असं शेपूट होतं. मूळ अर्थ नुसता वसाहत, पण कानाला गुलामांचे मळेच ऐकू यायचे. २०१० मध्ये लोकांना विचारलं तर त्यांनी मोठ्या बहुमताने ते शेपूट राखलं. २०२० मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा काढून टाकलं. दहा वर्षांत माणसं तीच, निदान बरीचशी. मधल्या काळात काय वाचलं गेलं कोण जाणे, पण मला हा तपशील दिलासा देतो.

रूथ सिमन्स २०१२ मध्ये ब्राउनमधून बाहेर पडल्या. पुढे टेक्सासमध्ये परतून प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. ते विद्यापीठच एका जुन्या गुलामी मळ्याच्या जमिनीवर उभं आहे आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेलं आहे. त्यांचं हे कळलं तेव्हा वाटलं, या बाईला वहीची दोन्ही पानं वाचता येतात.

परत आल्यावर मी महिनाभर काही केलं नाही. सांधे दुखत होते, पाऊस होता, कारणं पुष्कळ. मग एका मंगळवारी कागद घेतला. आमच्या खात्यात त्याला हाफ मार्जिन म्हणतात. कागद मधोमध उभा दुमडायचा, एका बाजूला आपला प्रश्न, दुसरी बाजू संस्थेच्या उत्तरासाठी कोरी. मी लिहिलं: बांधकाम कीर्द, खोदाईची नोंद, महार असामी ११, दिवस २३, रोख रकाना निरंक. सदर व्यक्तींची नावे उपलब्ध आहेत काय? असल्यास ती देणगीदारांच्या फलकावर का नाहीत? नसल्यास गावातून ती मिळविण्याचा प्रयत्न झाला आहे काय? खाली आणखी एक ओळ घातली, जी तेहतीस वर्षांत कधी घातली नव्हती: सदर नोंद शताब्दी स्मरणिकेच्या मसुद्यातून निम्नस्वाक्षरीकाराने वगळली होती. आणि सही केली.

एस.टी.ने गेले. संस्थेच्या ऑफिसात आता नवीन टाइल्स आहेत, फलक तोच. देणगीदार अडतीस, मी मोजले. आवक-जावक बघायला एक तरुण मुलगा होता, माझं आडनाव बघून उठून उभा राहिला, फोटोतले आजोबा त्याला रोज दिसतात. त्याने कागद उलटसुलट केला, कोरी बाजू बघितली, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. मग पेन हातात घेऊन थांबला.

"मॅडम," त्याने विचारलं, "हे कुठल्या फायलीला लावू?"